शेवटचा बोल्ट

"नाना, 'घोर अन्याय' काढून टाका. 'घोर' बी काढा आन् 'अन्याय' बी."

जालिंदर माझ्या विहिरीवरची मोटार उघडून बसला होता आणि मी शेजारी बाजेवर बसून त्याचा अर्ज त्याला वाचून दाखवत होतो. तीन दिवस खपून लिहिला होता, चांगल्या कडक हिंदीत. हे दोन शब्द काढले तर आमटीतलं मीठ आणि मिरची दोन्ही काढल्यासारखंच.

"मग काय लिहू? साहेबांनी फार उपकार केले म्हणून?"

"झालं तेवढंच लिवा," तो म्हणाला आणि मोटारीचं झाकण पुसायला लागला.

झालं होतं ते असं. जालिंदर सैन्यात हवालदार, रणगाड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा. नोकरी तेवीस वर्षांची. नायब सुभेदार व्हायची वेळ आली आणि नव्या साहेबांनी त्याच्या वर्षाच्या गोपनीय अहवालात शेरा मारला, 'कामात मंद. स्वतःहून पुढाकार घेत नाही.' शेरा राहिला तर खांद्यावर तारा नाही, आणि तारा नाही तर येत्या जानेवारीअखेर घरी. नियमाप्रमाणे शेरा त्याला वाचून दाखवला गेला. वरच्या साहेबांकडे दाद मागायला थोडी मुदत होती, तेवढ्यात तो सुट्टीवर गावी, खर्ड्याला आला आणि त्याची बायको यशोधरा त्याला माझ्याकडे घेऊन आली.

माझ्याकडे अशासाठी, की मीही सैन्यातलाच, पण क्लार्क. वीस वर्षं मी हेच अहवाल टाइप केले. कोणत्या शब्दानं माणूस बसतो आणि कोणत्या शब्दानं उठतो, हे मला तोंडपाठ. 'मंद' हा शब्द मी किती जणांच्या नावापुढे उमटवला, त्याची गणती नाही. एकदाही हात थबकला नाही. त्याची आता लाज वाटते. हा अर्ज मी थोडा जालिंदरसाठी आणि थोडा त्या लोकांसाठी लिहीत होतो.

"पण मंद म्हणायला त्यांना कारण काय सापडलं?"

"कामाची कार्डं बघितली त्यांनी. दोन वर्सांत माझ्या सहीची चारच निघाली."

"चार? मग बाकीचा वेळ काय झोपा काढत होतास?"

"आता सांगा की," विहिरीच्या काठावर बसलेली यशोधरा नवऱ्याला म्हणाली. "का म्या सांगू?"

शेवटी तिनंच सांगितलं. त्यांच्या वर्कशॉपात रीत अशी, की शेवटचा बोल्ट जो आवळेल त्यानं कार्डावर सही करायची. आणि हा पठ्ठ्या नव्या जवानाला शेजारी बसवून सगळं इंजिन जोडायचा, एकेक भाग समजावून द्यायचा आणि शेवटच्या बोल्टाला पाना त्याच्या हातात ठेवायचा. सही अर्थातच त्या जवानाची.

"त्याबिगर काम हातात बसत न्हाई, नाना," जालिंदर म्हणाला. "सही करायची म्हनल्यावर मानूस नीट बघतो."

मी कपाळाला हात लावला. कार्डावर सगळ्याला रकाना होता, शिकवण्याला नव्हता.

"मग त्या शिकलेल्या लोकांकडून दोन-दोन ओळी लिहून घे. पुरावा होईल."

त्यानं पाना खाली ठेवला. "न्हाई. शिकवल्याची पावती मागायची व्हय? ते न्हाई जमायचं."

अर्ज एका पानाचा झाला, अळणी. पण यशोधरानं काही शपथ घेतली नव्हती. दर चौदा एप्रिलला शुभेच्छांचा फोन करणारा अजिनाथ म्हणून एक जुना शागीर्द होता, त्याला तिनं झालेली हकिकत तेवढी सांगितली. मागितलं काही नाही. त्यानं ती बाकीच्या शागिर्दांना कळवली आणि आठवड्याच्या आत नऊ पत्रं घरी आली. जालिंदर बायकोवर दिवसभर धुसफुसला आणि संध्याकाळी मला म्हणाला, "न मागता आल्यात तर जोडा. पर मी वाचनार न्हाई. आपली तारीफ आपन वाचू ने."

मी पत्रं जोडली, झेरॉक्स स्वतःकडे ठेवल्या आणि त्या दिवसापासून यशोधराला 'सुभेदारीणबाई' म्हणायला लागलो. "आधी हू तर द्या, नाना," असं म्हणायची, पण हसायची.

निकाल डिसेंबरात आला. शेरा पुसला होता. पण बढतीची निवड ऑक्टोबरातच उरकली होती आणि जागा भरल्या होत्या. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

फेब्रुवारीत जालिंदर कायमचा गावी आला. माझी मोटार पुन्हा कुरकुरत होती, म्हणून दुसऱ्याच दिवशी विहिरीवर हजर. यशोधराही आली होती. मी फेरविचाराचा अर्ज तयारच ठेवला होता, या वेळी 'घोर'सकट.

"आता नगं, नाना," तो म्हणाला. "मी मंद न्हाई म्हनले ना? मला तेवढंच पायजे हुतं."

"आणि तारा?"

तो मोटारीचं झाकण काढायला लागला. यशोधराच बोलली, "हवालदारीण काय वाईट हाय व्हय?" पण तिचे डोळे भरले होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुन्हा तिला 'सुभेदारीणबाई' म्हटलं नाही.

मी नऊ झेरॉक्स त्याच्यापुढे धरल्या. "आता तरी वाच. आता काही मिळायचं नाही त्यातून."

त्यानं हात साबणानं धुतले, बाजेवर बसला आणि ओळीवर बोट ठेवून वाचायला लागला. सावकाश, मंद म्हणा हवं तर. नऊ जणांची नऊ तऱ्हेची हिंदी, पण एक वाक्य प्रत्येकात होतं, की शेवटचा बोल्ट उस्तादांनी माझ्या हातात दिला. पाचव्या पत्राला त्यानं चष्मा काढून पुसला. नववं झाल्यावर सगळ्यांची घडी करून खिशात ठेवली आणि मोटारीकडे वळला. अर्ध्या तासात ती जोडून झाली. मग पाना माझ्यापुढे आला.

"घ्या. शेवटचा तुमी आवळा."

"अरे, मला काय येतंय त्यातलं?"

"म्हनून तर."

उभ्या जन्मात मी टाइपरायटरच्या बटणांखेरीज काही दाबलं नव्हतं. दोन्ही हातांनी पाना धरला आणि जोर लावला.

"आजून अर्धा आटा," जालिंदर म्हणाला, आणि हात पाठीमागे बांधून बघत उभा राहिला.