झोळीतलं अडीच किलो

मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी माझी सुई अडीच किलोवर थांबली, आणि विठाबाईंच्या सोप्यातल्या सगळ्यांचे डोळे माझ्यावर खिळले.

मी काटा बोलतोय. किराणा दुकानातला नव्हे, उसाच्या गाड्या तोलणारा तर मुळीच नव्हे. मी तळहाताएवढा, गोल तोंडाचा. वर कडी, खाली हुक, हुकाला कापडाची झोळी. त्या झोळीत बाळं बसतात. माझ्या तोंडावर तांबडा, पिवळा, हिरवा असे पट्टे आहेत. सुई हिरव्यात गेली की बाळाची आई हसते. खाली घसरली की माझ्याकडं अशी बघते, जसं काही बाळाच्या वाटचं मीच खाल्लंय.

कारखान्यातून निघालो तो खोक्यात बसून हातकणंगले तालुक्यातल्या एका दवाखान्यात आलो. तिथं कपाटात बरेच महिने गोळ्यांच्या खोक्यांखाली पडून होतो. मग गावच्या आशा कार्यकर्तीच्या, म्हणजे शहाजादीताईंच्या, हाती पडलो. त्यांनी घरी नेऊन आधी मला किलोभर साखरेची पुडी टांगली. सुई बरोबर एकावर. "खरं बोलतंय की हे!" म्हणाल्या. तेव्हापासून त्यांच्या पिशवीत थर्मामीटरच्या शेजारी माझी जागा.

माणसं सोनं तोलून घेतात, बाजारात पावशेर मिरचीसाठी भांडतात. पण बाळ तोलायचं म्हटलं की म्हणतात, दृष्ट लागेल. याचं मला फार वाईट वाटायचं.

मोना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. विठाबाई तिची आई. मोनाची पोरगी दवाखान्यात जन्मली तेव्हा दोन किलो आठशे भरली. तिसऱ्या दिवशी ताईंनी मला सोप्याच्या वाशाला अडकवलं, तर दोन किलो सातशे. "पहिलं थोडं उतरतंयच, आता चढंल," ताई म्हणाल्या. आणि सातव्या दिवशी अडीच.

"म्हटलं न्हवतं?" विठाबाई कडाडल्या. "टांगाटांगी केली की दृष्ट लागत्या! उतरवा आधी तो काटा." आत जाऊन त्यांनी मीठ-मिरच्या आणल्या. पोरीवरनं ओवाळल्या आणि राहिलेल्या माझ्यावरनंही. माझी दृष्ट काढणारी ती पहिलीच बाई.

मोना बाजेवर बसून रडत होती. "ताई, माझ्यातच दूध न्हाय. ह्यांनी पावडरचा डबा आणायचं ठरवलंय. सगळ्या बायकांना जमतंय, मलाच कसं जमंना?"

ताई तिच्याजवळ बसल्या. "लंगोटं किती ओली झाली काल?"

"दोनच."

"पाजत्यास किती वेळा?"

"उठली की. सारखी झोपूनच असत्या."

"आणि तू पाणी किती पित्यास?"

मोनानं आईकडं बघितलं. "सकाळी एक वाटी. सांजच्याला एक."

"बाळंतिणीला पाणी दिलं की पोट सुटतंय," विठाबाई म्हणाल्या. "मलाबी दिलं न्हवतं माझ्या आईनं. मेलो का मी?"

ताईंनी वाद घातला नाही. दारातून गोठा दिसत होता. "काकू, म्हैस कवा व्याली?"

"पंधरा दिस झालं. का वो?"

"दूध किती देत्या?"

"येळंला सात लिटर!" विठाबाईंचा आवाज चढला.

"आणि पाणी?"

"त्याला काय मोजमाप हाय व्हय? बारडीवर बारडी, कोमट करून, गूळ घालून. पाणी तोडल्यावर दूध कुठनं..." विठाबाई तिथंच अडखळल्या.

गोठ्यातून मोनाचे वडील गणपतराव ओरडले, "म्हशीला बारडी आणि लेकीला वाटी! शाबास!"

"तुम्ही शेण काढा गप! म्हशीला काय पोट सुटायची काळजी हाय?"

"सुटू दे की माझं पोट," मोना एकदम बोलली. "आई, पोरगी वाळालीया माझी."

विठाबाई उठल्या. कोमट पाण्याचा तांब्या भरून आणला. मोनानं एका दमात संपवला. "आणि हाय?"

त्याच दुपारी ताई त्यांना दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरबाईंनी पोरीला तपासलं. ताप नव्हता. पण त्या म्हणाल्या, पोरगी झोपली असली तरी दर दोन तासांनी उठवून पाजायचं, आईनं पोटभर जेवायचं, तहान लागंल तेवढं पाणी प्यायचं आणि दोन दिवसांनी वजन करायचं. पोरगी अंगावर नीट कशी धरायची, हे ताईंनी मोनाला हाताला धरून शिकवलं. पहिल्यांदा जमलं नाही, दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा पोरीचा घोट ऐकू आला, तशी मोना हळूच म्हणाली, "ताई, गिळालीया ती!"

नवव्या दिवशी सुई दोन किलो सहाशेवर गेली. चौदाव्या दिवशी दोन किलो नऊशे. त्या दिवशी विठाबाईंनीच शेजारणीला हाक मारली, "अगं ये की! पोरगी टांगलीया, बघून जा!" पावडरच्या डब्याचं नावही कुणी काढलं नाही.

आता माझे रंग विटलेत. दवाखान्यात आकडे दाखवणारे नवे काटे आलेत म्हणे. आज ना उद्या मी परत कपाटात जाईन. त्याचं काही नाही. वजन उतरलंय एवढंच मी सांगू शकतो, का उतरलंय ते माणसानं माणसाला विचारावं लागतं.

म्हणून एक मागणं आहे. नळावर, डेअरीत, बारशाला, जिथं चार बायका जमतील तिथं एवढं सांगा: बाळ अंगानं भरत नसेल तर वेळ घालवू नका, आशाताईला बोलवा, दवाखान्यात दाखवा. आणि त्या घाबरलेल्या आईला बोल लावायच्या आधी विचारा, "बाई, तू जेवलीस का? पाणी पिलीस का?"