आपापला सांधा

चाळीस मिनिटं उरली.

नळजोडणी शिकवणारा मिस्त्री भिंतीला टेकून उभा होता. गुडघे ठणकत होते, आवाज तर आठवड्यापूर्वीच बसलेला. एकच वाक्य माणसानं सांगावं तरी किती वेळा? "आपापल्या पाइपकडे बघा."

डोंगरावरच्या आदिवासी पोरांना काम मिळावं म्हणून हा वर्ग काढलेला. आधीच्या दोन्ही तुकड्या नापास. हात सोन्यासारखे, पण वस्तीची रीत हाडात मुरलेली: एकाचं अडलं की बाकीच्यांनी हातातलं टाकून धावायचं. घर शाकारताना ठीक आहे हो. परीक्षेत त्याला कॉपी म्हणतात. तिसरीही तुकडी गेली तर वर्गाला कुलूप, असं वरून कळवलं होतं.

पंचवीस.

टिटवीचं झालं. दिवसभर टिवटिव, म्हणून टिटवी. शेजारी तिचा सख्खा मामा, तिच्याहून दोनच वर्षांनी मोठा. पाइपच्या आट्यांवर गळती रोखायची टेप उलट्या बाजूनं गुंडाळत होता. तिनं पाहिलं. मिस्त्रीनंही.

"मास्तर, मामाची टेप..."

"बस खाली."

"अहो, पण सुटेल ना ती!"

"तुझ्या मामाचं लग्न नाहीये, परीक्षा आहे. बस."

ती बसली. दोन्ही तळहात मांडीखाली दाबून.

दहा.

परीक्षकानं पाणी सोडलं. एक सांधा कोरडा, दुसरा कोरडा, अठरा कोरडे. एकोणिसावा फुटला. मामा नखशिखांत भिजला, पाना शोधायला चाचपडू लागला.

अठरा जणं अर्धवट उठली. मिस्त्रीकडे पाहिलं.

त्यानं मान हलवली. नाही.

बसली. पाणी फरशीवरून सरकत आलं, तशी सगळ्यांनी पाय वर घेतले.

वेळ संपली.

"या खेपेला शिस्त आहे बुवा," म्हणत परीक्षकानं सही केली. अठरा पास, एक नापास. कुलूप टळलं. पोरं एकेक करून निघाली. आज कुणी कुणासाठी थांबलं नाही.

मिस्त्री फडकं घेऊन वाकला.

"मास्तर, गुडघे तुमचे... द्या इकडे," मामा म्हणाला, आणि ओल्या कपड्यांनीच पुसायला बसला.

टिटवी दारात थांबली होती. "मास्तर, आज शिकलो ते विसरायचा वर्ग कधी निघणार?"

मिस्त्रीनं मामासमोरचं भिजलेलं फडकं उचललं, पिळायला घेतलं. जड होतं. न सांगताच मामानं दुसरं टोक धरलं.