दारातली हाक

दहावीच्या मुलांना दरवर्षी कोथरूडला दुपारचं नाटक दाखवायचं, हा माझा हट्ट. बसमध्ये मी तीनदा बजावलं होतं: मोबाइल बंद, वेफर्सची पुडी फोडायची नाही, शिट्टी तर मुळीच नाही. तरी घोटाळा झालाच.

नाटकातला म्हातारा गावाहून परततो आणि रिकाम्या घराच्या दारात हाक मारतो, “कुणी आहे का घरात?” मग नुसती शांतता. त्या शांततेसाठीच मी हे नाटक निवडलं होतं. तेवढ्यात आमच्या रांगेतून शुभांगीचा खणखणीत आवाज आला, “हाय की! या आत!”

अख्खं नाट्यगृह हसलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

परतताना तिला झापलं, “नाटक चालू असताना मध्ये बोलतात का गं?”

“पण बाई, दारातनं कुणी हाक मारली तर ओ न्हाई द्यायची व्हय? शेजारचं घर बंद असलं, तरी आमी ओ देतुया.”

मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

मुलांना पौडला पोचवायचं शैलेश सरांवर सोपवून मी पिरंगुटला उतरले. नागपूरहून इथे येऊन मला नऊ वर्षं झाली. आमच्या मजल्यावर चार दारं आहेत, चारही कायम बंद. मी कुलूप काढलं आणि उंबऱ्यातच थांबून हाक मारली, “कुणी आहे का घरात?”

जरा मोठ्यानंच मारली, शेजारी ऐकू जावी म्हणून.

समोरच्या दाराला कुणीतरी आतून कडी घातली.