रांगेचा पास

जोलीननं फोन ठेवला आणि टेबलावर पसरलेल्या तक्त्यातल्या एका हिरव्या चौकोनावर बोट ठेवून ती तशीच बसून राहिली.

"काय म्हणाली पार्कची ती बाई?" तिच्या नवऱ्यानं, ब्रेंटनं विचारलं.

"वेगळं दार वगैरे काही नाही म्हणाली. तो नियम कधीच बदलला. बॅटरीच्या स्कूटरवर बसून येणाऱ्या म्हाताऱ्यांनीसुद्धा सगळ्यांबरोबर त्याच रांगेतून यायचं."

"सगळ्यांबरोबर?"

"सगळ्यांबरोबर. फार गोड आवाजात सांगितलं मेलीनं."

ब्रेंटनं चष्मा काढून डोळे चोळले. फ्लोरिडातल्या थीम पार्कच्या त्या चार दिवसांचा तक्ता त्यानं महिनाभर खपून केला होता. कुठला पाळणा किती वाजता, जेवण कुठे, सावली कुठे, सगळं त्यात होतं. जिथं रांग लावावी लागणार नाही ते चौकोन हिरवे, आणि हिरव्या चौकोनांनी तक्ता भरून गेला होता. आता त्यातला एकही खरा नव्हता.

"मग त्या स्कूटरचा उपयोग काय?" तो बोलून गेला आणि लगेच त्यानं जीभ चावली. "म्हणजे, तुझ्या आईला आहेच उपयोग. मी आपलं रांगेचं म्हणत होतो."

"कळलं मला."

खरं सांगायचं तर जोलीनच्या आईचं, आर्डिसचं नाव या सहलीत आलं तेच मुळी रांगेमुळं. तीन वर्षं या सहलीचं घाटत होतं आणि तिन्ही वर्षं आईला "पुढच्या वेळी गं" म्हणून सांगून झालं होतं. आर्डिस एकोणऐंशीची. शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं उभं राहून तिचा खुबा कामातून गेला होता. ऑपरेशन झालं तरी काठीशिवाय शंभर पावलं जमत नव्हती, आणि त्या पार्कात तर माणूस दिवसाला सात-आठ मैल सहज चालतो. त्यामुळं तिला न नेण्याला कारण होतं आणि ते कुणालाही पटण्यासारखं होतं. मग गेल्या नोव्हेंबरात ब्रेंटच्या कारखान्यातल्या एकानं सांगितलं की, आम्ही म्हाताऱ्याला बॅटरीच्या स्कूटरवर बसवलं आणि त्याच्या मागून सगळे बाजूच्या दारानं आत, दोन दोन तासांच्या रांगा वाचल्या. ब्रेंटनं घरी येऊन ते जोलीनला सांगितलं. दोघं एकमेकांकडं बघत राहिली. त्याच आठवड्यात थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला जोलीननं आईला विचारलं.

तीनदा विचारलं. मिनेसोटाच्या त्या भागात रीतच तशी. कुणी काही देऊ केलं की पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नको म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा विचारलं तर समोरच्याच्या मनात खरंच आहे असं समजून हो म्हणायचं. आर्डिस तर या बाबतीत भलतीच कडक. जोलीनच्या वडिलांनी लग्नाचं विचारलं तेव्हाही तिनं त्यांना दोनदा नकार दिला होता, तो गडी तिसऱ्यांदा विचारील या भरवशावर. तेव्हा त्या रात्री "छे गं, माझं काय काम तिथं?" झालं, "तुमच्या पायात लोढणं नको" झालं, आणि तिसऱ्या खेपेला तिनं हातातलं भांडं खाली ठेवून "बरं, तू इतकं म्हणतेस तर" म्हटलं. तिचे कान लाल झाले होते. तेव्हा जोलीनला स्वतःचं कौतुकही वाटलं होतं.

"मी काय म्हणतो," ब्रेंट तक्त्याची घडी घालत म्हणाला, "ती स्कूटर पार्कच्या बसमध्ये चढवायची, उतरवायची, सगळी बस खोळंबून आपल्याकडं बघत बसणार. आईंनाही कानकोंडं होईल. तू एकदा विचार ना. खरंच यायचंय का म्हणून."

"एकदा?"

"एकदा," तो म्हणाला. त्यानं वर बघितलं नाही.

तोही त्याच गावचा. एकदाच विचारायचं म्हणजे काय, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. नवऱ्याला फाडकन काही बोलावं असं जोलीनला वाटलं, पण बोलली असती तर स्वतःलाही बोलावं लागलं असतं. तिनं गाडीची किल्ली उचलली.

असल्या कामाला आईकडं रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून ती वाटेत सुपर बाजारात थांबली. मार्च अर्धा सरला होता तरी पार्किंगच्या कडेला काळवंडलेल्या बर्फाचे ढीग होते. आत शिरून तिनं दालचिनीचा केक घेतला आणि पैसे द्यायला निघाली, तोच मांडण्यांच्या पलीकडच्या गल्लीतून पीं-पीं-पीं असा आवाज आला. दुकानात म्हाताऱ्या गिऱ्हाइकांसाठी ठेवलेली बसायची बॅटरीची गाडी कुणीतरी उलटी घेत होतं. आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला, पुन्हा थांबला. सूपच्या डब्यांपाशी एक बाई तेवढ्याच जागेत गाडी पुढं नेत होती, मागं घेत होती. पाठमोरी होती. अंगात जांभळा शर्ट होता आणि पाठीवर ठसठशीत पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'आमचा रांगेचा पास'.

जोलीनला ती अक्षरं ओळखू आली. आई होती ती.

शर्ट ब्रेंटनं मागवले होते. सहलीला निघालेल्या कुटुंबानं एकसारखे शर्ट घालायचे असतात, आणि ब्रेंटला गंमत सुचल्याशिवाय राहवत नाही. त्याच्या पाठीवर 'ड्रायव्हर', जोलीनच्या पाठीवर 'मुकादम', नऊ वर्षांच्या लेकीच्या, टेसाच्या पाठीवर 'महाराणी', आणि आर्डिसच्या पाठीवर हे. पार्सल घ्यायला दिवसभर घरी असते ती आर्डिसच, म्हणून पत्ता तिचा दिला होता. मागवताना दोघं पोट धरधरून हसली होती. जोलीन जरा जास्तच हसली होती.

"अगं आर्डिस!" चर्चमधली लव्होन ढकलगाडी घेऊन तिच्या मागून आली. "तू आणि या गाडीत? मेले तरी बसणार नाही म्हणत होतीस ना?"

"म्हणत होते खरी. आता शिकतेय. फ्लोरिडाला जायचंय."

"आणि हे पाठीवर काय लिहून घेतलंयस? थांब, चष्मा लावू दे. आमचा... रांगेचा... पास. म्हणजे काय गं?"

"म्हणजे मी. स्कूटरवर म्हातारं माणूस असलं की रांगेत थांबावं लागत नाही म्हणे. मी पुढं आणि माझ्या मागून सगळे आत. म्हणून तर नेतायत मला."

आज टोमॅटोचं सूप स्वस्त आहे म्हणून सांगावं, इतक्या सहज ती बोलली. लव्होनचाच चेहरा पडला.

"काहीतरीच तुझं! हौसेनं नेत असतील."

"हौस असेलही. पण या वयात उगाच कोण नेतं गं, लव्होन? काहीतरी कारण लागतं. मला कारण मिळालं हेच पुष्कळ झालं. आता सरक बघू बाजूला, मला मागं घ्यायचीय. पायाची बोटं सांभाळ."

पीं-पीं-पीं.

जोलीन कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यांआड उभी होती. चार पावलं पुढं टाकून "आई!" म्हटलं असतं तर झालं होतं. तिनं एक खोकं उचललं आणि त्याच्या मागची बारीक अक्षरं वाचायला लागली. कान तापले होते, केकचा डबा बोटांखाली चेपत होता. स्वतःच्या आईपासून बाजारात लपायची वेळ तिच्यावर आजवर आली नव्हती. ती मागच्या गल्लीतून बाहेर पडली आणि आपल्या गाडीत जाऊन बसली. थोड्या वेळानं आर्डिस काठी टेकत, बर्फाचं पाणी चुकवत आपल्या गाडीकडं गेली, तेव्हा जोलीन आसनावर खाली सरकली. आई गेल्यावरही पंधरा मिनिटं तिनं किल्ली फिरवली नाही. आईला काय सांगायचं ते ती जुळवत होती. रांग असो नसो, तू चल. शर्टाचं चुकलं आमचं. नोव्हेंबरात तुला विचारलं तेव्हा... तिथं आलं की गाडं अडत होतं.

आर्डिसनं आपल्या घराचं दार उघडलं. शर्टावर तिनं स्वेटर चढवला होता.

"अगं, तू होय! फोन तरी करायचास, काहीतरी करून ठेवलं असतं." तिनं डब्याचा चेपलेला कोपरा बघितला आणि डबा टेबलावर ठेवला. "शर्ट आले बरं का. कापड चांगलंय. मी माझा घालून बघितला."

टेबलावर तिच्या गोल अक्षरातली यादी होती. गोळ्या, टोपी, पावसाळी कोट, बॅटरी झोपण्याआधी चार्जिंगला लावणे. टेसासाठी लिंबाच्या वड्या. शेवटच्या ओळीखाली दोन रेघा ओढल्या होत्या, 'उलटं घेणे, रोज पंधरा मिनिटं'.

"बाजारात जाऊन सराव करतेय," लेकीच्या नजरेचा रोख बघून आर्डिस म्हणाली. "तिथं गर्दीत कुणाच्या पायावर घातली तर तुम्हाला खाली मान घालायला नको."

जोलीन खुर्चीत बसली. "आई, मी आज पार्कला फोन केला होता."

"बरं."

"स्कूटरवाल्यांना वेगळं दार नाही म्हणाले. रांग सगळ्यांना सारखीच."

आर्डिस उभीच होती. तिनं यादी उचलली, एक घडी घातली, मग दुसरी.

"म्हणजे टेसाला उन्हात थांबावं लागणार," ती म्हणाली.

"हो. सगळ्यांनाच."

"ब्रेंटचा तक्ता वाया गेला म्हण की. बिचाऱ्यानं किती खपून केला होता."

आता बोलायचं होतं. गाडीत जुळवलेलं सगळं जोलीनच्या ओठांवर आलं होतं. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"तर मग... तुला खरंच यायचंय का, आई?"

वाक्य ब्रेंटचं होतं, सूरही त्याचाच. आपल्या कानांनी ते ऐकताना जोलीनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढचं तिला पाठ होतं. छे गं, तुम्ही जा, मी इथं बरी. ती त्याचीच वाट बघत होती. आणि लाज वाटत असतानाही, ते उत्तर आलं की आपण सुटू, असं तिच्या मनाला कुठंतरी वाटून गेलं. तेही तिला कळलं.

"हो," आर्डिस म्हणाली.

जोलीननं वर बघितलं.

"हो?"

"यायचंय मला." तिचे कान लाल झाले होते. दोन्ही हातांनी तिनं काठीची मूठ धरली होती. "रांगेत थांबेन मी. तुम्ही उभे, मी बसलेली, माझं काय बिघडतंय? माणसं बघेन. टेसाचा हात धरेन. ती दमली तर मांडीवर घेईन."

"आई, तू कधी पहिल्यांदाच हो..."

"कधीच म्हटलं नाही," आर्डिस म्हणाली. "पण आज तू एकदाच विचारणार असं दिसलं. म्हटलं, कशाला जोखीम घ्या."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर जोलीनला बरं वाटलं असतं, भांडता तरी आलं असतं. ती टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. आई, मी दुकानात होते, असं सांगावं असं तिला वाटलं. पण आईला ते ठाऊक असेल, तिनं गाडीही ओळखली असेल, असंही तिला वाटलं. मग विचारायचा धीर झाला नाही.

स्वयंपाकघर तापलं होतं. आर्डिसनं स्वेटर काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि ओट्याकडं वळली. ती पांढरी अक्षरं जोलीनच्या समोर आली.

"शर्ट बदलून घेऊ आपण, आई. मी परत पाठवते तो."

"कशाला? मापाचा आहे." तिनं वरच्या फळीवरून डबा काढला. "कॉफी टाकू?"

"नको. उशीर होतोय मला."

"थोडीशीच. केक आणलायस तो नुसता कसा खायचा?"

"नको गं, खरंच नको. निघते मी."

आर्डिस डबा हातात घेऊन तिच्याकडं वळली. तिला काही घाई नव्हती. काठी ओट्याला टेकवून, लेकीच्या तोंडाकडं बघत तिनं तिसऱ्यांदा विचारलं,

"कॉफी घेतेस ना, जोलीन?"

"हो," जोलीन म्हणाली. पण मान काही तिला वर करता आली नाही.