शीळ घालणारा झरोका

मित्रांनो, मी एक जुना झरोका आहे. म्हणजे फार मोठं काही नाही. छताखाली भिंतीत पाडलेलं एक भोक आणि त्यावर बाहेरून ठोकलेली लोखंडी जाळी. पाहुणे येतात, पडद्यांचं कौतुक करतात आणि माझ्याकडे बघून विचारतात, "इथलं प्लास्टर राहिलंय वाटतं?" राग येतो हो, पण सांगणार कुणाला?

माझा जन्म काही आनंदात झाला नाही. या घरातले आबा गवंडी. नाताळच्या सुट्टीत एका दुपारी ते कामावर गेले होते आणि त्यांची बायको याच खोलीत गॅसचा हीटर लावून विणत बसली होती. गारठा फार, म्हणून तिने खिडक्या घट्ट लावल्या, दाराखालच्या फटीतही फडकं सारलं. बंद खोलीत हीटर जळत राहिला की विषारी वायू साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला नुसती झोप येते. आबा परत आले तेव्हा विणायच्या सुया तिच्या हातातच होत्या. त्या दिवशी मी नव्हतो. नव्हतो, म्हणून तर आज आहे.

घरातली गर्दी ओसरल्यावर आबांनी छिन्नी-हातोडा घेतला आणि एकट्याने भिंत फोडली. रडत होते आणि फोडत होते. लोकांच्या भिंती बांधण्यात जन्म गेला आणि स्वतःच्या घरात एवढंसं भोक पाडायचं सुचलं नाही, असं स्वतःशीच बोलत होते.

तेव्हापासून खोलीत आले की ते आधी हात वर करून माझ्यावर तळहात धरायचे. वारा लागला की मगच बसायचे.

"आबा, रोज काय हो बघता?" त्यांची नात चिमणी विचारायची.

"तुझी आजी श्वास घेतेय ना, ते बघतो."

वारा सुटला की मी शीळ घालतो. लांब, बारीक, कुणी विव्हळावं तशी. आबांना ऐकू कमी येतं, त्यामुळे त्यांना त्रास नव्हता. पण एका नाताळात त्यांची बहीण सुट्टीला आली आणि पहिल्याच दिवशी तिची झोप उडाली.

"वहिनी हाक मारतेय असं वाटतं गं," ती आबांच्या लेकीला, म्हणजे चिमणीच्या आईला म्हणाली. "अंगावर काटा येतो. बंद कर की ते भोक."

"अगं आत्या, बाबा जीव घेतील माझा!"

"ते गेलेत शेजारी कुंपणाची भिंत बांधायला. मला दुपारी जरा डोळा लागू दे. ते यायच्या आत काढू. एवढ्याने काय होतंय?"

लेकीने जुना स्वेटर माझ्या तोंडात कोंबला. भोक वाईट दिसू नये म्हणून आत्याने वरून चमचमता कागदी तारा चिकटवला. मग लेक केक आणायला गेली आणि दुकानातल्या रांगेत अडकली.

खिडक्या बंद. हीटर चालू. आत्याचा डोळा लागला. चिमणी जमिनीवर चित्र रंगवत होती.

"आत्याआजी, माझं डोकं दुखतंय."

आत्या हललीच नाही. चिमणीने हातावर डोकं टेकलं. रंगाचा खडू तिच्या बोटांतून सुटला आणि घरंगळत कपाटाखाली गेला. मी ओरडायचं म्हटलं तरी तोंडात बोळा! ज्या दुपारसाठी मला भिंतीत बसवलं, तीच दुपार माझ्यासमोर पुन्हा आली होती आणि मी मुका होतो.

तेवढ्यात दार वाजलं. भिंत सरळ आहे का ते बघायचा आपला ओळंबा आबा घरीच विसरले होते. आत आले आणि सवयीने हात वर गेला. तळहाताला वारा लागला नाही, कागद लागला.

त्यांनी तारा ओरबाडला, स्वेटर उपसून फेकला, हीटर बंद करून दारं-खिडक्या सताड उघडल्या. चिमणीने मान टाकली होती. तिला उचलून ते अंगणात पळाले. "चिमणे, डोळे उघड! अगं उघड की गं!" मग आत येऊन बहिणीला ओढत बाहेर नेलं. बाहेर चिमणीला ओकारी झाली आणि तिने भोकाड पसरलं. इतकं गोड रडणं मी कधी ऐकलं नव्हतं.

दोघींना दवाखान्यात ऑक्सिजन लावावा लागला. दोघी वाचल्या. घरी आल्यावर आबांनी लेकीला माझ्यासमोर उभं केलं. तिचा हात धरला, वर नेला आणि माझ्यावर टेकवला. मग म्हणाले, "तुझ्या आईला एवढंच मिळालं नाही गं." लेक तिथेच उभी राहून रडली.

मित्रांनो, सुट्टीत घर सजवा, उबेला बसा, खुशाल लोळा. पण हीटर असेल तिथे हवेची वाट बुजवू नका, अगदी डोळा लागेपर्यंतसुद्धा नाही. डोकं जड झालं, उगाच झोप यायला लागली, तर आधी मोकळ्या हवेत पळा आणि मोठ्यांना हाक मारा.

आता आबांचा खांदा वर जात नाही. चिमणीच स्टुलावर चढून माझ्यावर तळहात धरते आणि हळूच विचारते, "आजी, आहेस ना?" कधी कधी बाहेर पानही हलत नसतं. तरी माझ्यातून शीळ निघते. ती मी घालत नाही.