पुढची अर्धी काँटेसा

भाऊ भावाच्या जिवावर उठतो तो जमिनीपायी, हे आपल्याकडचं अनादी सत्य आहे. टिकारामच्या दोन पोरांनी ते खोटं पाडलं. खैरलांजीकडच्या धानाच्या बांध्या त्यांनी चहा पिता पिता वाटून घेतल्या. बालाघाटातल्या घरात मधोमध भिंत घातली, आणि ती घालताना एकमेकांच्या हातात विटाही दिल्या. रक्त सांडलं ते जमीन आणि गाडी यांच्यामधल्या चार बोटांच्या फटीपायी.

गाडी म्हणजे टिकारामची काँटेसा. मलाजखंडला तांब्याच्या खाणीवर एका ठेकेदाराकडे त्याची ड्रायव्हरकीत उमर गेली. ठेकेदार गाशा गुंडाळून गेला तेव्हा गाडी टिकारामच्या गळ्यात घालून गेला. टिकाराम मेल्यावर हिचं काय करायचं, हा प्रश्न पंचांपुढे आला. सामाईक वस्तू ठेवली की कोर्ट लागतं, असा पंचांचा अनुभव. त्यांनी विहिरीचे दिवस वाटले, आंब्याच्या फांद्या वाटल्या, तशी गाडीही वाटली. दोन दरवाजांमधल्या खांबापासून पुढची थोरल्या खेमराजची, मागची धाकट्या वसंताची. तेव्हापासून खेमराज पुढचीच काच पुसायचा आणि पुढच्याच चाकांत हवा भरायचा. मागच्या काचेवरची धूळ ही वसंताची धूळ होती.

ही काँटेसा नाकावर जराशी झुकलेली. बॉनेटवर चहाचा ग्लास ठेवला की तो हळूहळू पुढे सरकायचा. खेमराजला यात बाप दिसायचा. ‘‘माहा बाप ठेकेदारासमोर असाच उभा राहे,’’ येणाऱ्याजाणाऱ्याला तो सांगायचा, ‘‘मान खाली घालून. गाडीनं त्याचे संस्कार घेतले.’’ बापाचा फोटो भिंतीच्या त्या बाजूला, वसंताकडे गेला होता. खेमराजकडे उरलं होतं ते हे झुकणं. त्याला कुणी हात लावलेला तो खपवून घेणार नव्हता.

मग वसंताच्या मोहितचं तिरोडीच्या समीक्षाशी लग्न ठरलं. वरातीत गाडी जमिनीला टेकलेली पाहिजे, असं मोहितनं मोबाइलवर पाहून ठरवलं. गाडी खाली बसवायचं तयार सामान मिळत होतं, पण तेवढ्या पैशात दुसरं लग्न झालं असतं. मग राजू सापडला. राजू त्यांच्या घराला लागूनच खिडक्यांच्या ग्रिल बनवायचा. त्याच्याकडे ग्राइंडर होता आणि नाही म्हणायची सवय नव्हती. त्यानं मागच्या दोन्ही स्प्रिंगा काढल्या, प्रत्येकीचा दीड वेढा उडवला, परत बसवल्या आणि चाकं लावली. मागचं धूड अजून जॅकवर आणि विटांवर टांगलेलंच होतं, तेवढ्यात खेमराज बाजारातून आला.

‘‘हे काय करून राह्यला बे?’’

‘‘माह्या हिश्शातलं काम हाय, दादा,’’ वसंता म्हणाला. ‘‘खांबाच्या मांगं.’’

‘‘मांगून बसली का समोरून उठंन! बापाची गाडी भुंकनाऱ्या कुत्र्यावानी आभायाकडे पाह्यन!’’

‘‘मंग समोरच्याबी काप. राजू हायेच इथं. नाही का बे, राजू?’’

राजू ‘हौ’ म्हणाला. पहिली थप्पड त्याला बसली.

‘‘मोठेबाबा, टेन्शन मत लो,’’ मोहित मध्ये पडला. ‘‘आगे का भी काट देंगे, एकदम लेव्हल.’’ दुसरी त्याला बसली, आणि ती उलट्या हाताची होती.

‘‘बापाच्या स्प्रिंगले हात लावशीन तं हात ठेवनार नाही,’’ खेमराज म्हणाला.

‘‘बाप काय तुह्या एकट्याचा होता काय? का त्याचीबी वाटनी झाली, समोरचा तुले अन् मांगचा मले?’’

खेमराजनं लोखंडी दांडा उचलला. तो वसंताच्या कोपरावर बसला आणि वाळका बांबू तडकावा तसा आवाज झाला. वसंतानं दुसऱ्या हातानं स्प्रिंगचा कापलेला तुकडा उचलून कड्यासारखा मुठीत धरला आणि भावाच्या तोंडावर हाणला. खेमराजचे दोन दात लोखंडाच्या भुशात पडले. उरलेल्या दातांनी त्यानं वसंताचा कान धरला आणि वसंता गुरासारखा ओरडेपर्यंत सोडला नाही. सोडला तेव्हा कानाची पाळी खेमराजच्या तोंडातच राहिली होती. ती त्यानं थुंकली.

हद्द मात्र दोघांनीही पाळली. खेमराजनं वसंताचं डोकं मागच्या दरवाजावर आपटलं, वसंतानं खेमराजचं पुढच्या. आपल्या हिश्शाला पोचा कुणी पडू दिला नाही. मोहित मोठ्या काकाच्या पाठीवर चढला, तर काकानं त्याला ग्रिलच्या ढिगावर फेकला. नवरदेवाची भुवई फाटून डोळ्यावर लोंबायला लागली. राजू ग्राइंडर पोटाशी धरून कोपऱ्यात बसला होता. भाऊ तो मागतील याची त्याला भीती होती.

शेवटी खेमराजनं सगळा जीव एकवटून वसंताच्या छातीवर लाथ घातली. वसंता मागे गेला तो थेट जॅकवर. जॅक उडाला, विटा फुटल्या आणि काँटेसा धाडकन खाली आली. मागचं चाक वसंताच्या पायावर बसलं. त्याच्या किंकाळीनं समोरच्या दुकानाचं शटर खाली ओढलं गेलं.

‘‘वसंता!’’ खेमराजच्या तोंडून रक्ताबरोबर निघालं. त्यानं खांदा मागच्या बंपरखाली घातला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं वसंताचा हिस्सा उचलला. राजू आणि मोहित धावले. तिघांनी मिळून गाडी वीतभर उचलली, वसंतानं पाय ओढून घेतला. चपलेत तीनच बोटं ओळखू येत होती.

मोहित ऑटो आणायला पळाला. राजूनं कोपऱ्यातला आपला उरलेला चहाचा ग्लास उचलून बॉनेटवर ठेवला आणि तो सरकायची वाट पाहिली. ग्लास सरकला नाही. राजूनं तो फिरवून ठेवला. तरी नाही.

‘‘दादा,’’ तो हळूच म्हणाला, ‘‘गाडी तं लेव्हलमंदी हाय.’’

गोंगाट ऐकून दुर्गाबाई, दोघांची माय, पाण्याचा लोटा घेऊन बाहेर आली. तिनं आधी वसंताच्या पायावर पाणी ओतलं, मग खेमराजला चूळ भरायला दिलं.

‘‘लेव्हल कशी असंन, माय?’’ खेमराज बोबडं बोलला. ‘‘समोरच्या तं मी कापू देल्या नाही.’’

‘‘तू काय देशीन? तुह्या बापानं कवाच्याच कापल्या. एक तुटली होती मलाजखंडच्या रस्त्यावर. नवी कोन घेते म्हनून दुसरीबी तेवढीच कापली. कापतानी एका अंगानं मीच धरून होती.’’

खेमराज गुडघ्यावर बसला आणि त्यानं वाकून पुढच्या चाकाआड पाहिलं. स्प्रिंगचं टोक करवतीनं कापलेलं होतं, आणि कापावर जुना गंज होता.