सेजूबेनच्या बांगड्या आणि माझी रेघ

मित्रांनो, मी एक जुनं ईसीजीचं यंत्र आहे. कच्छमधल्या एका लहानशा दवाखान्यात माझा जन्म गेला. माझ्या तारा पाहून पेशंट घाबरायचे, "करंट लागेल का हो?" म्हणून विचारायचे. छे! मी कुणाला काडीचीही वीज देत नाही. वीज तुमच्याच हृदयात असते. दर ठोक्याआधी तिची बारीक लहर हृदयावरून धावते आणि हातापायांच्या कातडीपर्यंत पोचते. ती टिपायची आणि कागदावर रेघ ओढायची, एवढंच माझं काम. आईच्या पोटात असल्यापासून कुणी न सांगता चाललेलं हृदयाचं हे काम पाहून मी आजही थक्क होतं.

एका दुपारी वजाभाई रबारी आपल्या बायकोला, सेजूबेनला, छकड्यात घालून घेऊन आला. ती घामाने निथळत होती, हात छातीवर होता. आमच्या डॉक्टर भाविनीबेन यांनी तिला खाटेवर निजवलं आणि त्या थबकल्या. माझ्या पट्ट्या मनगटाच्या उघड्या कातडीवर बांधतात, आणि तिच्या हातांत तर मनगटापासून कोपरापर्यंत दाटीने पांढऱ्या बांगड्या होत्या.

"या काढाव्या लागतील," भाविनीबेन म्हणाल्या.

"हात नका लावू!" सेजूबेन कण्हत ओरडली. "धनी जिवंत असताना काढू? आमच्या अरजणच्या बापूंना काही झालं म्हणजे?"

"अगं, मी हा उभा आहे घोड्यासारखा!" वजाभाई रडकुंडीला आला. "काढ गं बाई, नाहीतर तूच जाशील!"

"गेले तर सवाशीण जाईन."

"आणि मी एकट्यानं उंटांमागं हिंडू?"

माझा जीव टांगणीला लागला. रेघ निघाल्याशिवाय दुखणं कळणार कसं? तेवढ्यात भाविनीबेन स्वतःशीच हसल्या. खांद्यापासून बोटांपर्यंत सगळा हात माझ्या दृष्टीने एकच तार आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी तिच्या बाह्या वर सारल्या आणि माझ्या पट्ट्या खांद्याखाली बँडेजने बांधल्या.

"राहू देत तुझ्या बांगड्या. पण हलू नकोस हं, हात हलला की रेघ थरथरते."

सेजूबेन अशी निजली की एकही बांगडी वाजली नाही. माझी रेघ निघाली. उंच सुळका चढून ती जमिनीवर परत यायला हवी होती, पण वरच लोंबकळत राहिली. भाविनीबेननी ती वाचली, हृदयविकाराचा झटका ओळखला, लगेच गोळ्या दिल्या आणि तिला गाडीने भुजच्या मोठ्या दवाखान्यात पिटाळलं.

सेजूबेन वाचली. पुढे दाखवायला आली तेव्हा रेघ पुष्कळ ताळ्यावर आली होती. वजाभाईने तो रेघेचा कागद मागून घेतला आणि घडी करून पागोट्यात खोचला.

"ती माझ्या नावाच्या बांगड्या वागवते," तो म्हणाला, "मग तिची रेघ मी डोक्यावर वागवायला नको?"

"म्हातारा चळला," म्हणत सेजूबेनने ओढणीत तोंड लपवलं.

मग पडद्याचं नवं यंत्र आलं आणि मी कपाटावर गेलं. धूळ बसली, वाईट वाटलं. मित्रांनो, आम्हा यंत्रांना पुसत जा, तारांना पीळ देऊ नका. आणि छातीत दुखलं तर लपवू नका. तुमच्या आत एवढं मोठं नवल चाललंय, त्याची हाक ऐका.

परवा वजाभाई पुन्हा आला. पार वाकला होता. पागोट्यातून त्याने काळवंडलेला कागद काढला.

"दाक्तरबेन, रेघ दिसेनाशी झाली हो. नवी काढून द्या. पण त्या जुन्या मशीनवर."

भाविनीबेननी मला खाली उतरवून फडक्याने पुसलं. तेवढ्यात दाराबाहेर बांगड्या वाजल्या.